उजव्या हाताचा डाव

नव्यानं संसार मांडणारे येतात, फोनवर यादी घेऊन:
अठ्ठावीस वस्तू, त्यातल्या नऊ विजेवर चालणाऱ्या.
मी म्हणते, आधी एक सुरी घ्या. चांगली.
तिच्यावर पैसे गेले तर जाऊ देत.
हिरव्या सूपाची कोबी केसासारखी चिरता आली पाहिजे,
बोटं शाबूत ठेवून.
मग जड बुडाचं एक पातेलं,
झाकण पडलं तर शेजारी जागा होईल असं.
चाळणी. चिरायची फळी. एक डाव.
बाकीचं घर आपणहून मागून घेतं.
(लसूण चिरडायचं यंत्रही मी विकते,
पण नजर चुकवून.)

ब्रागाच्या या गल्लीत, चर्चच्या मागच्या अंगाला,
सासऱ्यांनी दुकान थाटलं तेव्हा
पितळी खलबत्ते वजनावर जायचे.
आता पर्यटक येतात, मातीचे कोंबडे नेतात.

गुरुवारी बेलार्मिनु आला.
टोपी हातात, जसा काही बँकेत आलाय.
पोस्टातून निवृत्त, फेब्रुवारीपासून एकटा.
म्हणाला, दोना इल्दा,
उजव्या हाताचा डाव आहे का?

मी हसले. हसायला नको होतं.
डावाला कसलं आलंय उजवं-डावं?
कात्रीला असतं, हातमोज्याला असतं.

त्यानं कोटाच्या खिशातून
वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली.
आत ऑलिव्हच्या लाकडाचा डाव,
आमच्याच दुकानातला,
दांड्यावर सासऱ्यांची खूण, दोन आडव्या रेघा.
तोंड उजव्या कडेनं झिजलेलं, तिरकं,
साबणाच्या उरलेल्या वडीसारखं.

खीर खाली लागते, तो म्हणाला. रोज.
तांदूळ, दूध, लिंबाची साल, सगळं तिच्या मापानं.
ढवळतो, पण याची कड बुडाला टेकतच नाही.
कोपरा उभा राहतो नुसता,
हट्टी शिंगरासारखा.

दिओलिंदा डावखुरी होती.
शाळेत नन्सनी ते मोडून काढलं, बोटांवर पट्टी मारून.
कागदावर, चर्चमध्ये, लोकांपुढे ती उजवी.
स्वयंपाकघरात कोण बघतंय?

"एकोणचाळीस वर्षं मी तिच्याकडे पाठ करून जेवणाची वाट बघितली,"
तो म्हणाला.
"रेडिओ खिडकीत होता."

माझ्याकडे नव्या डावांची टोपली: बीच, ऑलिव्ह, बांबू.
सगळ्यांची तोंडं गोल, कोणाच्याच ओळखीची नाहीत.
साडेतीन युरो.
तो एकेक उचलायचा, हवेत ढवळायचा, परत ठेवायचा.
मला वाटलं, विकावा.
दुकान आहे माझं, धर्मशाळा नाही,
आणि भाडं जानेवारीतच वाढलंय.
तरी तोंडातून गेलं:
हात बदलून बघा.

काउंटरवर तांब्याचं मोठं घमेलं होतं,
मुरंब्याचं, दोन वर्षं न खपलेलं.
त्यानं जुना डाव डाव्या हातात धरला
आणि त्या रिकाम्या घमेल्यात फिरवला.
आधी अडखळत,
उलटा शिक्का मारणाऱ्या नव्या कारकुनासारखा.
मग कड बुडाला बसली.

आवाज आला.
तांब्यावर लाकडाचा, खस्स, खस्स,
फेरा पुरा होताना जरासा थांबून, पुन्हा.
बेलार्मिनुनं मान वर केली नाही.
हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.
पाठीमागून ओळखीचा.

मी वजनाच्या काट्यावरची धूळ पुसली. बराच वेळ पुसली.

जाताना त्यानं लिंबाची साल काढायला सोलणी घेतली,
दोन युरो वीस. सुटे पैसे मोजून दिले.
तिच्या पात्याला एकाच अंगानं धार असते, उजव्या हातासाठी,
हे मी त्या रात्री, शटर ओढण्याआधी,
दिव्याखाली धरून पाहिलं.
तीस वर्षं विकतेय.
दिओलिंदानंही नेली असणार एखादी, माझ्याकडूनच,
आणि नेऊन काही बोलली नसणार.